वरोऱ्याची कोळसा खाण
चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्यात १८७१ मध्ये कोळशाची खाण सुरू झाली. तिचे मालक खुद्द ब्रिटिश सरकार होते, त्यामुळे खासगी कंपनीच्या खाणगावात कंपनी जे करते ते इथे सरकारने केले. वर्धा खोऱ्यातला हा कोळसा इंजिनांना हवा होता. त्यासाठी १८७७ पर्यंत वर्धा ते वरोरा सुमारे ७२ किलोमीटरचा लोहमार्ग आला. मजुरीच्या ओढीने माणसे आली, वस्ती वाढली.

खाणीचे आयुष्य मात्र तिच्या थराएवढेच असते. भूमिगत खाणीत छत पेलण्यासाठी बहुधा कोळशाचेच खांब सोडावे लागतात, म्हणजे बराच साठा हाती येतच नाही. वरोऱ्याचा काढण्याजोगा कोळसा संपत आला आणि १९०६ मध्ये खाण बंद पडली. काम दक्षिणेला बल्लारपूरकडे सरकले.

पण वरोरा ओस पडले नाही, कारण कोळशाइतकाच कापूसही तिथे महत्त्वाचा होता. रेल्वेमुळे बाजार, जिनिंग आणि प्रेसिंगचे कारखाने टिकले.  खाणकामगारांच्या पदरी मात्र स्थलांतर आले, आणि त्यांची नोंद फारशी कुणी ठेवली नाही, ही खरी खंत आहे.