कट्... आणि पाय हवेत!

सकाळचे पावणेनऊ. कोथरूड डेपो मागे पडलाय, समोर चांदणी चौकाचा चढ. सीटवरून उठले, उजव्या पेडलवर अख्खं वजन टाकलं आणि... कट्! पेडल एकदम रिकामं गेलं, गुडघा हँडलवर आपटला, सायकल डावीकडे कलली. मागून पीएमपीची बस. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि विचारलं, ‘‘ओ मॅडम, घरी सांगून आलात का?’’

पडले नाही, एवढंच. बावधनला एक मुलाखत घ्यायची होती, ती सुजलेल्या गुडघ्यानं घेतली.

सायकल माझी मास कॉमच्या पहिल्या वर्षाची. २१ गिअर, पुढे सस्पेन्शन, सगळा थाट. नोकरीच्या काळात ती बिल्डिंगच्या जिन्याखाली पडून राहिली आणि गिअर जाम झाले. मग एका मित्रानं फंडा दिला : सिंगल स्पीड कर! वजन कमी, लुक हटके, मेंटेनन्स झीरो. एका रविवारी आम्ही दोघांनी शिफ्टर, केबल, पुढचा-मागचा डेरेलियर असं सगळं काढून भंगारवाल्याला दिलं. चेन तोडून आखूड केली, मागच्या सातपैकी मधल्या चकतीवर चढवली. सायकल सॉलिड दिसायला लागली. फोटोबिटो काढले. पंधरा दिवसांत चेन घसरायला सुरुवात झाली.

ज्याला सांगावं तो एकच सल्ला देतो : ‘‘चेन टाइट कर ना!’’ आपल्या आजोबांच्या काळ्या सायकलला हे जमायचं. मागच्या चिमट्यात अॅक्सल बसायची जी खाच असते, ती तिथे आडवी असते. नट ढिले करा, चाक मागे ओढा, नट कसा, झालं काम. माझ्या गिअरवाल्या सायकलची खाच उभी. चाक बसलं की बसलं, मागेपुढे सरकायचा प्रश्नच नाही. गिअरच्या सायकलला त्याची गरजही नसते, कारण सैल चेन ओढून धरायचं काम मागचा डेरेलियर स्प्रिंगच्या जोरावर करतो. तो तर मी किलोच्या भावानं विकला होता.

बरं, चेनचा एक तुकडा काढावा म्हटलं, तर तिथेही गोची. सायकलच्या चेनमध्ये एका पिनपासून दुसऱ्या पिनपर्यंतचं अंतर अर्धा इंच, पण आतली आणि बाहेरची कडी आलटून पालटून येतात. म्हणजे काढायचा तर जोडीचा, पूर्ण एक इंच. काढला तर चेन इतकी ताणली गेली की पेडल फिरवताना बेअरिंग कण्हायला लागलं. परत घातला तर चेन दोरीवरच्या साडीसारखी लोंबकळायला लागली. (अर्ध्या इंचाची ‘हाफ लिंक’ मिळते, हे मला फार उशिरा कळलं.)

मग मी सगळेच करतात ती चूक केली. नवी चेन आणली. आणि बॉस, नव्या चेननं तर कमालच केली! आधी फक्त चढावर घसरायची, आता साध्या सिग्नलवरून निघतानाही कट्-कट्-कट्.

शेवटी कोथरूडमधल्या एका जुन्या सायकलवाल्या काकांकडे गेले. बाहेर हवा भरायचा पंप, आत टांगलेल्या रिमा, कॅलेंडरवर हनुमान. काकांनी सायकल उलटी केली, पेडल दोनदा फिरवलं, चष्मा कपाळावर ढकलला.

‘‘ताई, ही चकती गिअरची आहे ना?’’

‘‘हो, जुनीच ठेवलीय.’’

‘‘मग चेन टिकंल कशी? हिचं कामच चेन सोडायचं.’’

हे ऐकून माझी ट्यूब पेटली. गिअर बदलतो म्हणजे काय होतं? चेन एका चकतीवरून उतरते आणि शेजारच्या चकतीवर चढते. ते पटकन आणि आवाज न करता व्हावं म्हणून अशा चकत्यांचे काही दाते मुद्दाम बुटके, तिरके घासलेले असतात, कडेला उतारासारख्या खाचा असतात. गिअरच्या सायकलवर हे वरदान. पण डेरेलियर काढून टाकला, की चेनला जागेवर धरायला कुणीच उरत नाही आणि दाते मात्र तिला सोडायला कायम तयार. सिंगल स्पीडचे दाते सगळे सारखे उंच, सरळ, चेन पकडून ठेवणारे.

नव्या चेननं त्रास का वाढला, तेही काकांनी दाखवलं. चेन ताणली जाते म्हणतात, पण लोखंड काही च्युइंगगम नाही. आतल्या पिना झिजतात आणि कड्यांमधलं अंतर किंचित वाढतं. त्या वाढलेल्या अंतराप्रमाणे मागचे दातेही झिजत जातात. दोघं एकमेकांना सांभाळून घेतात, जुन्या संसारासारखं. त्यात नवी, बरोब्बर अर्ध्या इंचाची चेन आली की तिचं दात्यांशी पटत नाही. जोर पडला की ती दात्यावर चढते आणि पुढच्या दात्यावर आदळते. तोच तो ‘कट्’. काकांनी माझी जुनी चकती बोटानं दाखवली. दाते एका बाजूला झुकलेले, समुद्राच्या लाटेसारखे.

हे घरच्या घरी मोजता येतं. बारा इंची स्टीलची पट्टी घ्या. शून्य एका पिनच्या मध्यावर धरा. बाराचा आकडा चोविसाव्या कडीनंतरच्या पिनच्या मध्यावर यायला हवा. पिन १/१६ इंच पुढे गेली असेल तर चेन बदला. १/८ इंच गेली असेल तर मागची चकतीही गेलीच म्हणून समजा. १८८० मध्ये मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्डनं बुश रोलर चेनचं पेटंट घेतलं. आपली चेन आजही त्याच जातकुळीची आहे, त्यामुळे पट्टीचा हिशोब काळ्या सायकलपासून कार्बनच्या रेसरपर्यंत चालतो.

आता खरी मेख. प्रत्येक ‘कट्’ चेनचाच असतो असं नाही. ज्या मित्रानं मला फंडा दिला, त्याची स्वतःची सायकलही घसरत होती. त्यानं चेन बदलली, मागची चकती बदलली, तरी पेडल रिकामं जायचंच. काकांनी त्याला एक टेस्ट सांगितली. पुढचं चाक भिंतीला टेकवायचं, मागचा ब्रेक गच्च दाबायचा, पेडल पुढे आडवं ठेवून त्यावर हळूहळू वजन टाकायचं. दुसऱ्यानं बाजूनं बघायचं, बोटं चेनपासून लांब. चेन दात्यांवर चढताना दिसली तर दोष चेनचा किंवा दात्यांचा. चेन आणि चकती दोन्ही नीट फिरली आणि चाक जागेवरच राहिलं, तर रोग फ्रीव्हीलच्या पोटात.

मित्राचं तेच निघालं. फ्रीव्हीलच्या आत छोटे खटके असतात, आपले मेकॅनिक त्यांना कुत्री म्हणतात. पेडल मारलं की ती खाचेत चावा घेतात आणि चाक ओढतात. ह्या पठ्ठ्यानं कौतुकानं आत जाडं ग्रीस भरलं होतं, त्यात कुत्री चिकटून बसली. डिझेलमध्ये धुऊन पातळ ऑइल सोडल्यावर पुन्हा चावायला लागली.

तिसरा प्रकार म्हणजे कट् ठरावीक अंतरानं येतो, जोर असो वा नसो. पेडल दर वेळी त्याच जागी आल्यावर आला तर पुढच्या चेनव्हीलचा दाता वाकलाय का बघा. दोन-तीन फेऱ्यांनी एकदा आला तर चेनची एखादी कडी आखडली असणार. पेडल उलटं, सावकाश फिरवलं की ती मागे उडी मारताना दिसते.

माझ्या सायकलचं काकांनी काय केलं? सात चकत्यांचं फ्रीव्हील उतरवून १८ दात्यांचं सिंगल फ्रीव्हील बसवलं. पुढे मधलं, ३८ दात्यांचं चेनव्हील ठेवलं. सिंगलची चेन थोडी रुंद लागते, म्हणून माझी जुनी ‘नवी’ चेन वाया. (ती अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.) मग पुढची-मागची चकती एका रेषेत आणायची होती, कारण तिरकी धावणारी चेन आज ना उद्या पडतेच. त्यासाठी अॅक्सलवरचे वॉशर उजवीकडून डावीकडे गेले, हब उजवीकडे सरकलं आणि स्पोक कसून रीम पुन्हा मध्यावर आली. यातच अख्खी दुपार गेली. ‘मेंटेनन्स झीरो’वाल्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं.

उभ्या खाचेचा प्रश्न उरलाच होता. काकांनी खोक्यातून एक जुना डेरेलियर शोधला, जुन्याच्या जागी लटकवला आणि स्क्रू फिरवून मागच्या चकतीच्या रेषेत पक्का केला. गिअर बदलायला नाही, फक्त चेन ओढून धरायला. थोडक्यात, जे मी भंगारात घातलं तेच विकत घेऊन परत बसवलं. एक मात्र लक्षात ठेवा : हा जुगाड फ्रीव्हील असलेल्या सायकललाच. जिथे पेडल चाकाबरोबर फिरतच राहतं त्या फिक्सीला नाही, तिथे पेडलनं वेग कमी करताना खालची चेन ताणली जाते आणि डेरेलियरच तुटतो.

ज्यांची खाच आडवी आहे, ते नशीबवान. त्यांनी चेन मधोमध बोटानं वर-खाली करून बघावी, एकूण अर्धा इंच हलली पाहिजे. पण पेडलच्या एकाच जागी बघून थांबू नका. चेनव्हील क्वचितच परफेक्ट गोल असतं, त्यामुळे पूर्ण फेरीत चेन कुठे ताठ, कुठे सैल होते. सगळ्यात ताठ जागी ती किंचित हलली पाहिजे, नाहीतर बेअरिंगचं मरण.

पुढच्याच सोमवारी पुन्हा तोच चढ. कोथरूड डेपोपाशीच पोटात गोळा आला होता. सीटवरून उठले, आधी अर्धं वजन टाकलं, मग पूर्ण. पेडलच्या एका फेरीत सायकल साधारण साडेचार मीटर सरकते. त्या दिवशी मी प्रत्येक फेरी मोजली असेन. वर पोहोचेपर्यंत एकही कट् नाही, फक्त माझीच धाप.

माझं जुनं फ्रीव्हील काकांनी ठेवून घेतलं. दुकानात पंपाच्या वर खिळ्याला टांगलंय, ‘नवी चेन टाकली तरी घसरते हो’ म्हणत येणाऱ्यांना दाखवायला.