मुंबई बेट होती तोवर

खाडीची भरती-ओहोटी सांगायला कोळ्याला घड्याळ लागत नाही, तिथी लागते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, येईल तितक्या वाजता पाणी भरलेले. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पुनवेला बाराच्या आसपास. पनवेलच्या खाडीकाठाने चालायला निघणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा. कोजागरी उलटून आठवडा झाला की येणारी वद्य अष्टमी-नवमी त्यासाठी उत्तम. उधाण ओसरून भांग लागलेला असतो, त्यामुळे पाणी बांधावर चढत नाही. सकाळी भरती असते आणि चालता चालता खाडी डोळ्यांदेखत रिकामी होत जाते. भात पिवळे झालेले असते, कुठे कापणी लागलेली असते. ऑक्टोबरचे ऊन मात्र दहाच्या पुढे माणसाला दयामाया दाखवत नाही.

ही चाल एकट्याने करू नये. पिकात घोणस असते, चिखल गुडघ्यापर्यंत ओढतो आणि मुख्य म्हणजे सोबत गावचा माणूस नसेल तर समोर काय दिसते आहे तेच कळत नाही. जुन्या पनवेलहून गाढी नदीच्या कडेने पश्चिमेला निघाले की माथेरानच्या डोंगरातून आलेले गोडे पाणी हळूहळू मचूळ होते, मग खारे. काठावर तिवरांची दाटी सुरू होते. चिखलात निवट्या उड्या मारत असतात, चिंबोऱ्यांची बिळे दिसतात, एखादा खंड्या फांदीवर टपून बसलेला असतो. नवख्याला ही फक्त एक गढूळ खाडी वाटते. ती पनवेलचा हमरस्ता होती.

मुंबईहून पुण्याला जायचे तर आधी समुद्र ओलांडावा लागे, कारण मुंबई बेट होती. मचवे आणि पडाव भरतीचे पाणी धरून खाडीत शिरत आणि पनवेलच्या बंदराला लागत. पुढे खोपोलीपर्यंत सपाटी आणि मग बोरघाट. 1803-04 च्या मराठा युद्धात आर्थर वेलस्लीच्या सैन्याची रसद याच वाटेने वर चढली. 1825 मध्ये बिशप रेजिनाल्ड हेबर पुण्याला निघाले तेही होडीने पनवेलला उतरले. 1830 मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातून गाड्या चालतील असा रस्ता खुला झाला आणि पनवेलचे नशीब उघडले. देशावरून गाड्या उतरायच्या, इथून गलबते भरायची. गावात त्या काळी चालणारा मोठा धंदा कोणता, तर बैलगाड्यांची चाके बनवण्याचा. जुन्या गॅझेटियरांनी त्याची मुद्दाम नोंद घेतली आहे, आणि ती मला बंदराच्या कुठल्याही वर्णनापेक्षा बोलकी वाटते. घाट उतरून आलेल्या गाडीवानाला सगळ्यात आधी काय लागेल, हे पनवेलच्या सुतारांनी बरोबर ओळखले होते.

1849 चे बेने इस्रायली समाजाचे बेथ एल सिनेगॉग, 1852 ची नगरपालिका आणि 1872 साली सुरू झालेला धूतपापेश्वरचा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना, हे सगळे या जुन्या पनवेलचे.

पनवेलचे बंदर गाळाने मेले, असे सर्रास सांगितले जाते. गाळ आहेच. ओहोटीला पात्राकडे पाहिले तर इथून कधी गलबते जात-येत होती यावर विश्वास बसत नाही. पण गाळ सगळ्याच खाड्यांत भरतो. जिथे वर्दळ असते तिथे कुणीतरी तो उपसायला पैसे काढतो. पनवेलची वर्दळच दुसऱ्या वाटेने गेली, आणि ती गाळाच्या आधी गेली, असे माझे मत आहे. तारखा पाहाव्यात. 1853 मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. 1856 मध्ये ती कल्याण-कर्जतवरून खोपोलीला, म्हणजे घाटाच्या पायथ्याला पोचली. 1858 मध्ये खंडाळा-पुणे लोहमार्ग झाला आणि 1863 मध्ये बोरघाटातला अवघड तुकडा जोडला गेला. होडी, चढउतार, बैलगाडी, पुन्हा चढउतार अशा खटाटोपाची पुण्याच्या प्रवाशाला गरज उरली नाही.

बंदर लगेच ओस पडले नाही. भात, मीठ, लाकूड, गवत यांची ने-आण पाण्यानेच स्वस्त पडत होती. पण ठाणे खाडीवर वाशीचा पूल 1973 मध्ये झाला, 1992 मध्ये रेल्वे मानखुर्दहून वाशीला आली आणि 1998 मध्ये लोकल पनवेलात शिरली. जानेवारी 2024 मध्ये शिवडी-न्हावाशेवा अटल सेतूने उरलीसुरली फट बुजवली. मुंबई बेट होती तोवर पनवेलला बंदर होते. मुंबईला पूल मिळत गेले तसतसे पनवेलकरांनी खाडीकडे पाठ फिरवली. गावातल्या तळ्यांचे सुशोभीकरण होते, काठाला दिवे लागतात. खाडीच्या वाट्याला सांडपाणी आणि राडारोडा येतो.

एक गोष्ट मात्र पुलांनाही संपवता आली नाही: बांध. आपण ज्यावरून चालतो तो नुसता मातीचा उंचवटा नाही, ते यंत्र आहे. खाडीकाठची खाजणे बांध घालून भाताखाली आणण्याचे काम आगरी, कोळी, कराडी माणसांनी पिढ्यानपिढ्या केले. बाहेर तिवरे ठेवायची, लाटेचा मार ती झेलतात. बांधात ठरावीक ठिकाणी उघाडी बसवायची. ओहोटीला आतले पावसाचे पाणी झडप ढकलून बाहेर जाते आणि भरती आली की खाडीच्याच दाबाने झडप मिटते. ना इंजिन, ना माणूस. गटातल्या शहरी मंडळींना हे दाखवले की ती थांबून फोटो काढतात, आणि सोबतचा शेतकरी शांतपणे सांगतो की झडप नीट मिटत नाही, दुरुस्ती व्हायला हवी.

दुरुस्ती राहिली की बांधाला खांड पडते. एका उधाणात खारे पाणी शेतात पसरते. पुढे चांगला पाऊस पडून माती धुऊन निघाल्याशिवाय भात धड येत नाही. खारट जमिनीत तग धरणाऱ्या वाणांवर पनवेलच्याच खारभूमी संशोधन केंद्रात काम झाले. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे हे केंद्र, आणि पनवेल 1, पनवेल 2, पनवेल 3 ही भाताची वाणे तिथली. नव्या मुंबईच्या जाहिरातींत पनवेलचे नाव हजारदा येते. ते बियाण्याच्या पिशवीवरही असते, हे इमारतीत राहणाऱ्या पनवेलकराला सहसा माहीत नसते.

खांड तशीच राहिली तर आणखी एक पेच. शेतात तिवर उगवते, आणि 2005 मधल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते तोडता येत नाही. आदेश योग्यच होता. तो नसता तर हा काठ केव्हाच भरावाखाली गेला असता. पण वेळेवर बांध न सांधल्यामुळे ज्याचे शेत जंगल झाले, त्याने ही तक्रार कुणाकडे न्यायची? अशा गटांमध्ये पक्षी पाहायला आलेले आणि शेतकरी यांची इथे हमखास जुंपते. जुंपू द्यावी, दोघांकडे मुद्दा असतो.

पुढे गेले की डावीकडे विमानतळ. त्यासाठी उलव्याची टेकडी कापून सपाट केली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, दहा गावे उठवली. 8 ऑक्टोबर 2025 ला उद्घाटन झाले. म्हणजे पनवेलला पुन्हा बंदर मिळाले आणि तेही या खाडीच्याच काठी, फक्त पाण्याला आता त्यात काही काम उरलेले नाही. काम नाही म्हणून पाणी यायचे थांबत मात्र नाही. 26 जुलै 2005 च्या पुरात पनवेल बुडाले, तेव्हा गाढीला आपले पात्र किती रुंद होते ते आठवले होते. खाजणे बुजवून वर इमारती उभ्या राहिल्या की पुराचे पाणी कुठे मावणार, हा प्रश्न नकाशावर अवघड वाटतो. बांधावर उभे राहून एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला तिच्या भरतीच्या पातळीखालचे शेत पाहिले की शाळकरी पोरालाही तो कळतो.

परतताना ओहोटी पुरी लागलेली असते. हंगाम जमला आणि ओळख असेल तर कोळीवाड्यात जिताडा मिळतो. भाव विचारून दचकू नये. खाडी बिघडत गेली तसा तो दुर्मीळ होत गेला आहे, आणि विकणारी कोळीण एका पैशाने खाली येत नाही.