तलाठ्याची वही आणि लोकशाही

लोकशाही म्हणजे मतपेटी, ही समजूत अपुरी आहे. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी बजावले होते की, घटनेच्या एका शब्दालाही हात न लावता, केवळ प्रशासनाचे स्वरूप बदलून तिचा आत्मा मारता येतो. म्हणून प्रशासनाचा तपशीलही घटनेतच असावा, असे त्यांचे म्हणणे होते.

आज धाराशिव जिल्ह्यात असलेल्या कसबे तडवळे गावी 22 फेब्रुवारी 1941 रोजी त्यांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदारांची परिषद भरली. वतनदार हा सरकारचा सर्वांत खालचा नोकर. नेमणूक जन्माने, काम अमर्याद, मोबदला तुटपुंजा. घटनेच्या सोळाव्या अनुच्छेदाने सरकारी नोकरीतला जात आणि कुळ यांवरचा भेद निषिद्ध ठरवला. चावडीवरचा राबता नोकर कायद्याने नागरिक झाला. पण चावडीतले दप्तर त्याच्या हाती आले काय?

मराठवाड्यातील गायरानांचा प्रश्न याचे उत्तर देतो. भूमिहीनांनी पडीक गायराने फोडून पिकाखाली आणली. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालील 1959 व 1964 च्या सत्याग्रहांनी भूमिहीनांच्या जमिनीची मागणी राज्यापुढे आणि देशापुढे ठेवली. अखेर 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयाने 1 एप्रिल 1978 ते 14 एप्रिल 1990 या काळात मागासवर्गीय भूमिहीनांनी शेतीसाठी केलेली अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले.

निर्णय मंत्रालयात झाला. पुरावा मात्र गावात राहिला. अतिक्रमणाची नोंद गाव नमुना एक-ई मध्ये होते आणि ती तलाठी करतो. ती नोंद नसेल, तर वीस वर्षांची मशागत कागदावर घडलेलीच नसते. उलट, एकेकाळी शिक्षा म्हणून हाती पडलेली दंडाची पावती हाच कसणाऱ्याचा आधार ठरतो. 1966 च्या जमीन महसूल संहितेचे कलम 50 अतिक्रमण हटवण्याचा अधिकार देते, तर कलम 51 तीच जमीन कसणाऱ्यास देण्याची मुभा देते. यांपैकी कोणते कलम उघडायचे, हे अधिकाऱ्याच्या विवेकावर असते. 28 जानेवारी 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. मात्र शासकीय अधिसूचनेने भूमिहीनांना वा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद ठेवला. म्हणजे पुन्हा कागदच.

म्हणून कार्यकर्त्याने मोर्चाबरोबर दप्तरही वाचावे. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली एक-ई ची नक्कल मागता येते. ती मागणे हे कारकुनी काम नव्हे. ज्या वहीत आपले नाव नाही, त्या वहीपुरती लोकशाही अजून आपल्या गावात पोहोचलेली नाही.