आधी हिशेब चुकतो, मग आठवण

नोव्हेंबर उजाडला की अकलूजमधल्या बँकांसमोर दार उघडण्याआधीच निवृत्तांची रांग लागते. कुणी निवृत्त शिक्षक, कुणी पंचायत समितीतून सेवा संपवलेले, कुणी पतीच्या मागे कुटुंब निवृत्तिवेतनावर जगणारी आजी. हयातीचा दाखला द्यायचा असतो. ही रांग ठगांनाही ठाऊक आहे. ‘तुमचा दाखला जमा झालेला नाही, पेन्शन थांबेल, मोबाइलवर आलेला ओटीपी सांगा,’ असे फोन याच हंगामात येतात. मुले पुण्यात, घरात दोघेच, नाहीतर एकटेच. पेन्शन थांबण्याची भीती खरी असते. ओटीपी सांगितला जातो.

पैसे गेल्यावर घरातला पहिला प्रश्न ठरलेला: ‘एवढे शिकलेले, तरी फसलात कसे?’ या प्रश्नाचे उत्तर काही वेळा मेंदूत असते, आणि ते सहसा कुणी तपासत नाही.

पैशाचा निर्णय हे मेंदूसाठी अवघड काम आहे. समोरच्याचे बोलणे ऐकायचे, मनात हिशेब करायचा, खोट हेरायची आणि घाई होत असतानाही स्वतःला आवरायचे, हे सगळे एकाच वेळी. म्हणूनच मेंदूची झीज सुरू झाली की नावे-चेहरे विसरण्याच्या आधीच इथे चूक दिसू शकते. अमेरिकेत वृद्धांच्या बिलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. स्मृतिभ्रंशाचे निदान झालेल्यांची देणी निदानाच्या सहा वर्षे आधीपासून थकू लागल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसले. त्याआधी २०१९ मध्ये शिकागोच्या रश विद्यापीठातील संशोधकांनी स्मृतिभ्रंश नसलेल्या ९३५ वृद्धांचा अभ्यास मांडला होता. त्यांना विचारलेले प्रश्न साधे होते: अनोळखी क्रमांकाचा फोनही उचलता का? नको असलेला फोन बंद करणे अवघड जाते का? फसवणुकीबाबत कमी सावध असलेल्यांमध्ये पुढे अल्झायमरचे प्रमाण अधिक आढळले.

याचा अर्थ फसलेला प्रत्येक वृद्ध आजारी आहे असा मुळीच नाही. तरुणही रोज फसतात. भारतात साठीपुढच्या शंभरातल्या सात-साडेसात जणांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे, म्हणजे बहुतेकांना तो नाही. पण नेहमी पै-पैचा हिशेब ठेवणारा माणूस अचानक वीजबिल दोनदा भरू लागला, उसाच्या बिलाचे पैसे कुठे गेले हे सांगू शकेनासा झाला किंवा दामदुपटीच्या योजनेला भुलला, तर रागावण्याआधी त्याला डॉक्टरांकडे न्यावे. कारणे उपचार होण्याजोगीही निघतात: बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्यांचा अंमल. कानाचे दुखणे तर सर्रास दुर्लक्षिले जाते. अर्धवट ऐकू आलेल्या वाक्याला ‘हो, हो’ म्हणण्याची सवय फोनवर फार महाग पडते.

मेंदू ठणठणीत असलेली माणसेही भीतीपुढे हरतात. ही युक्ती जुनीच आहे. एसटी स्टँडच्या आसपास ‘आजी, आम्ही पोलीस आहोत, पुढे खून झालाय, दागिने काढून पिशवीत ठेवा,’ असे सांगून पुडीत खडे बांधून देणारे भामटे गावोगावी माहीत आहेत. ‘डिजिटल अरेस्ट’ हा त्याचाच मोबाइलवरचा अवतार. कायद्यात अशी अटक नाहीच. पण व्हिडिओ कॉलवर गणवेश आणि न्यायालयाचा खोटा आदेश दिसला, की ताणाच्या संप्रेरकांचा जोर वाढतो आणि शांतपणे तोलून पाहण्याची ताकद कमी पडते. वर्धमान उद्योगसमूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांना २०२४ मध्ये, वयाच्या ८२व्या वर्षी, सर्वोच्च न्यायालयाची खोटी ऑनलाइन सुनावणी दाखवून सात कोटी रुपयांना लुबाडले गेले. तेव्हा हुशारीचा मुद्दा बाजूला ठेवलेला बरा.

पैसे गेल्यावर दुखणे शरीरात उतरते. झोप उडते, रक्तदाब आणि साखर बिघडते, जेवण सुटते. त्यात घरातल्यांचे टोमणे. मग फोन आणि पासबुक काढून घेतले जाते. हा उपाय कोरडा आहे. माणूस आणखी एकटा पडतो आणि पुढची चूक लपवायला शिकतो. त्यापेक्षा रोजच्या खर्चापुरते एक खाते मोबाइलला जोडावे, ठेवी आणि मोठी रक्कम न जोडलेल्या दुसऱ्या खात्यात असावी, आणि मोठ्या व्यवहाराआधी कोणाशी बोलायचे हे आई-वडिलांनी स्वतःच ठरवावे. ते नाव त्यांच्या पसंतीचे असू द्या, मग ते पुण्यातल्या मुलाऐवजी शेजारच्या मास्तरांचे का असेना.

फसवणूक लक्षात येताच १९३० या क्रमांकावर फोन आणि लगेच बँकेला खबर, हा क्रम महत्त्वाचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतः ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. घरात ओरडा बसेल म्हणून दोन दिवस गप्प राहिलेल्या वृद्धाला ते गप्प राहणे किती महागात पडते, हे यावरून कळेल.

दक्षिण मुंबईत ८६ वर्षांच्या एका महिलेला डिसेंबर २०२४ ते मार्च २०२५ अशी दोन महिन्यांहून अधिक काळ ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये ठेवून वीस कोटींहून अधिक रुपये काढून घेतले गेले. बाई दिवसभर खोलीत बसून असतात, फोनवर कुणाशी तरी ओरडून बोलतात आणि जेवणापुरत्याच बाहेर येतात, हे घरकाम करणाऱ्या मदतनीसाच्या लक्षात आले. ते मुलीला कळवले गेले, तेव्हा प्रकार उघडकीला आला.