बिअर बिघडवणारे यीस्ट

बिअर बिघडली की दोष परक्या सूक्ष्मजीवांचा, मुख्यतः जिवाणूंचा, अशी मांडणी लुई पाश्चर यांनी १८७६च्या ग्रंथात केली. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सेन यांना वेगळेच आढळले. तिथल्या बिघाडामागे यीस्टच होते, फक्त नको त्या जातीचे. एकाच पेशीपासून वाढवलेले शुद्ध यीस्ट त्यांनी १८८३मध्ये कारखान्यात आणले. घरी बिअर करणारे मात्र अजून पाश्चरांच्याच धास्तीत असतात. हवेतल्या जंतूंची ते भरपूर काळजी घेतात, पण मागच्या खेपेचे यीस्ट नळीत तसेच राहते.

यावर हमखास आक्षेप येतो की, २० लिटरच्या पिंपात आपण १५-२० हजार कोटी पेशी सोडतो, तिथे चुकार शंभर पेशींची काय मातब्बरी? साखरेसाठी चढाओढ असेपर्यंत हे खरेच आहे. पण नेहमीचे यीस्ट थांबते, तेव्हा लिटरमागे वीसेक ग्रॅम डेक्स्ट्रिन उरलेले असते. ते त्याला पचत नाही, बिअरला अंग येते ते त्यामुळेच. बेल्जियमच्या सेझॉन बिअरसाठी वापरली जाणारी अनेक यीस्ट ‘डायास्टॅटिकस’ प्रकारची असतात. ती ग्लुकोअमायलेज हे विकर बाहेर सोडून डेक्स्ट्रिनचीही साखर करतात. या ताटावर दुसरा वाटेकरीच नसल्याने मूठभर पेशींनाही सवड मिळते, आणि ती बंद बाटलीत मिळाली तर पंचाईत होते. चार ग्रॅम साखरेपासून जवळपास एक लिटर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. लिटरमागे १२ ग्रॅम डेक्स्ट्रिन जरी आंबले, तरी नेहमीच्या अडीच लिटर वायूत आणखी तीन लिटरांची भर पडते. एवढ्या दाबाने काचेची बाटली फुटू शकते.

बेल्जियमची लँबिक तर मिश्र यीस्टवरच होते, मग शुद्धतेचा एवढा बाऊ कशाला? कारण ती पिंपात वर्ष-दोन वर्षे मुरते, आंबायचे ते बाटलीत जाण्याआधीच आंबून घेते. घरच्या बिअरला एवढा वेळ कोण देतो? जंतुनाशकाची मात्रा वाढवूनही काम भागत नाही, कारण वाळलेल्या गाळाखालच्या पेशींपर्यंत ते पोहोचतच नाही. आधी घासून गाळ काढावा, मगच जंतुनाशक वापरावे. तोटी प्रत्येक वेळी पूर्ण खोलावी. स्टीलची भांडी उकळता येतात. ओरखडे पडलेल्या प्लास्टिकचा भरवसा नको. सेझॉनला वापरलेली नळी, बादली आणि तोटी कायमची वेगळी ठेवा, दुसऱ्या बिअरला लावू नका.