हिरवा रंग म्हणजे निर्धोक नव्हे

आरोग्य साक्षरता (आरोग्याची माहिती मिळवून, समजून, निर्णयात वापरण्याची क्षमता) म्हणजे लिहिता-वाचता येणे, असा समज सर्रास आढळतो. तो स्वाभाविक आहे, पण अपुरा. एसटीची पाटी वाचता आली तरी गाडी आपल्या फाट्यावर थांबेल का, हे विचारावेच लागते. आरोग्याच्या माहितीचेही तसेच.

२०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक दगावले. उंच वाढलेली कपाशी, कीटकनाशकांची मिश्रणे, संरक्षक साधनांचा अभाव अशी कारणे अनेक होती. सगळा दोष अज्ञानाच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. तरीही कीटकनाशकाच्या डब्यावरची माहिती फवारणाऱ्यापर्यंत नीट पोचत नाही, हे खरे. अक्षरे बारीक, मजकूर तांत्रिक. आणि घरी कोलामी, गोंडी किंवा बंजारा बोली बोलणाऱ्यांना पुस्तकी मराठी आणखी दूरची.

म्हणून डब्यावर रंगाची खूण असते. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो फक्त तुलनेने कमी विषारी. विष पोटातूनच भिनते, हेही खरे नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट (मज्जासंस्थेवर आघात करणारा कीटकनाशकांचा गट) त्वचेतून आणि श्वासातूनही शरीरात जाते. मळमळ, अंधुक दिसणे, लाळ गळणे सुरू झाल्यास कपडे काढून, अंग साबणाने धुऊन लगेच दवाखाना गाठावा. सोबत डब्याचा फोटो न्यावा. त्यावरच्या घटकाच्या नावावरून डॉक्टरांना उपचार ठरवणे सोपे जाते.