चांदण्यातल्या ओढ्याची सरासरी

भर उन्हात ॲपर्चर एफ/१६ आणि आयएसओ १०० असेल, तर शटर सेकंदाचा शंभरावा भाग उघडलं की फोटो नीट येतो. फोटोग्राफर मंडळींचा हा जुना ठोकताळा. पौर्णिमेचं चांदणं उन्हाच्या सुमारे चार लाख पटींनी मंद. म्हणजे तेवढाच उजेड गोळा करायला ४,००० सेकंद, तासापेक्षा जास्त! ॲपर्चर एफ/४ केलं की उजेड १६ पट, आयएसओ ८०० केला की आणखी ८ पट. हिशेब अर्ध्या मिनिटावर येतो. कोजागिरीच्या आसपास सह्याद्रीतल्या ओढ्यांवर तो जमवता येतो. ढग बरेचसे ओसरलेले असतात आणि पाणी अजून आटलेलं नसतं.

या अर्ध्या मिनिटात सेकंदाला मीटरभर धावणारं पाणी तीस मीटर पुढे गेलेलं असतं. सेन्सरचा प्रत्येक बिंदू मात्र जागचा हलत नाही. समोरून फेस गेला, काळं पाणी गेलं, पुन्हा फेस गेला. तो नुसती बेरीज करत राहतो. फोटोतलं ते धुक्यासारखं पाणी ही अशी बेरीज असते. आपला डोळा मंद उजेडातही सेकंदाच्या जेमतेम दहाव्या भागापुरताच उजेड साठवतो, त्यामुळे कितीही टक लावून पाहिलं तरी तसं पाणी दिसत नाही.

म्हणून पुष्कळांना हे फोटो खोटे वाटतात. मला ते पटत नाही. १८९५ साली मँचेस्टरच्या ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी खळाळत्या प्रवाहाचं गणित मांडताना वेगाचे दोन भाग केले: एक सरासरी वेग आणि दुसरा त्याभोवतीचा चढउतार. धरणाच्या सांडव्यापासून विमानाच्या पंखापर्यंत आजही त्या विभागणीवर हिशेब चालतात. लांब एक्स्पोजर यातला पहिला भाग कागदावर उतरवतं. दिवसा तेच करायचं तर भिंगापुढे काळी काच लावावी लागते.

एखाद्या मोठ्या धोंड्याच्या मागे बघा. तिथे पाणी उलटं वळतं आणि चिमूटभर फेस गोल गोल फिरत राहतो. नुसत्या डोळ्यांना तो भरकटल्यासारखा वाटतो. फोटोत त्याची कडी उमटते, भोवऱ्याचा घेर दाखवणारी. सोबत फिरणारं पान बहुधा दिसतही नाही, कारण कुठल्याच बिंदूवर ते पुरेसं थांबलेलं नसतं. याउलट बुडालेल्या खडकावरून उतरताच पाणी जिथे उसळी घेतं, तिथली लाट जागेवर उभी असते. तिच्यातला थेंब न् थेंब क्षणोक्षणी बदलतो, तरी फोटोत तिचा आकार टिकतो.

रंगांचीही गंमत आहे. चांदण्यात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी जवळपास निकामी होतात आणि सगळं करडं दिसतं. कॅमेऱ्याला ती अडचण नाही. शेवाळ हिरवं, आकाश निळं, आणि त्या निळ्यात चांदण्या! त्या नसत्या तर फोटो दुपारचाच वाटला असता. अर्ध्या मिनिटात आकाश चंद्रबिंबाच्या पाव रुंदीएवढं सरकतं, तेव्हा वाइड लेन्समध्ये तारे अजून ठिपकेच राहतात.

फिल्मच्या काळात हा सगळा हिशेब कोसळायचा. उजेड फार मंद असला की वेळ दुप्पट करूनही परिणाम दुप्पट होत नाही, हे कार्ल श्वार्त्सशिल्ड यांनी ताऱ्यांचे फोटो मोजताना नियमात बसवलं. कृष्णविवरांच्या गणितातले श्वार्त्सशिल्ड ते हेच. डिजिटल सेन्सरची बेरीज चोख असते, पण त्याला उष्णता बाधते: उजेड नसतानाही त्यात इलेक्ट्रॉन सुटत राहतात आणि काळ्या भागात रंगीत ठिपके उमटतात. त्यावर अनेक कॅमेऱ्यांत तोडगा असतो. फोटो झाला की शटर बंद ठेवून तेवढ्याच वेळाचा एक काळा फोटो घ्यायचा आणि पहिल्यातून वजा करायचा. म्हणजे दर अर्ध्या मिनिटाला आणखी अर्धं मिनिट हात बांधून थांबणं आलं, आणि तेवढ्यात भिंगावर दव चढतं ते वेगळंच.